अंश आणि छेद

हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या टोकाशी जाणाऱ्या प्रत्येक फोटोवाल्याच्या बॅगेत एक तरी वाइड लेन्स असतेच. कड्याची ती आत वळलेली वाटी, खाली कोकण, वर पावसाळा संपतानाचे ढग, हे सगळं एका चौकटीत बसवायचं तर २४ मिलिमीटर किंवा त्याहूनही रुंद काहीतरी लागतं. ही लेन्स घ्यायच्या आधी त्याने महिनाभर रिव्ह्यू चाळलेले असतात. त्यातले आकडे येतात कुठून? बरेचदा भिंतीवर लावलेल्या छापील चार्टवरून. फुल फ्रेम, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटर सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरच्या लेन्सने एक मीटर रुंदीचा चार्ट चौकट भरून टिपायचा तर कॅमेरा चार्टपासून साधारण ७० सेंटीमीटरवर ठेवावा लागतो. गणित सोपं आहे, कोणीही कागदावर करून बघावं. मैलोगणती लांबच्या डोंगरांसाठी घेतलेल्या लेन्सची परीक्षा झाली ती हाताच्या अंतरावर. आणि लेन्स जवळ जशी वागते तशीच लांब वागेल याची खात्री नसते. विशेषतः वाइड लेन्सचे कोपरे अंतराप्रमाणे बदलतात, कारण फोकसचं प्रतल सपाट नसून वाकलेलं असतं आणि ते वाकणंही अंतरागणिक वेगळं असू शकतं.

पक्ष्यांच्या लेन्सची अडचण नेमकी उलट. ६०० मिलिमीटरने तोच मीटरभर चार्ट भरायचा तर सतराएक मीटर मोकळी जागा हवी. एवढा हॉल कितीशा परीक्षकांकडे असणार? मग चार्ट लहान होतो, अंतर कमी होतं, नाहीतर आकड्यांना फाटा देऊन ‘प्रत्यक्ष वापराचा अनुभव’ येतो. त्यात परसदारातल्या खारीचे फोटो असतात. खार बिचारी देखणी असते, पण तिच्यावरून लेन्स कळत नाही.

मला हा सगळा नाद लागला पक्ष्यांमुळे. सिंहगडाच्या पायथ्याला, भिगवणला, जमेल तसं ताडोब्याला जाताना पुण्यातल्या आमच्या कंपूत लेन्सवरून जेवढी भांडणं झाली तेवढी पक्ष्यांच्या ओळखीवरूनही झाली नसतील. इतकं वाचून आणि ऐकून माझी एक तक्रार मात्र पक्की झाली आहे. अंश सगळे सांगतात, छेद कोणी सांगत नाही. ‘कोपरे सॉफ्ट आहेत.’ किती कॉपी, म्हणजे त्याच मॉडेलचे किती नग, तपासले, त्यातले किती? ‘रेझरसारखी शार्प.’ किती अंतरावर, कुठल्या कॅमेऱ्याच्या बॉडीवर? ‘दोन वर्षांत मोटर गेली.’ किती जणांनी घेतली होती, आणि त्यातल्या किती जणांची गेली?

कंपनीच्या कागदापासून सुरुवात करू. प्रत्येक लेन्सबरोबर कंपनी एमटीएफचा आलेख देते आणि तो बघून बहुतेक लोक पान उलटतात. खरं तर तो वाचायला जड नाही. आडव्या अक्षावर चित्राच्या मध्यापासूनचं अंतर असतं, शून्यापासून साधारण २१.६ मिलिमीटरपर्यंत, कारण ३६ बाय २४च्या सेन्सरचा अर्धा कर्ण तेवढाच भरतो. उभ्या अक्षावर शून्य ते एक. एका मिलिमीटरमध्ये १० रेघांच्या जोड्या काढल्या तर लेन्स त्यांच्यातला काळा-पांढरा फरक किती टिकवते, ही एक रेषा. ३० जोड्यांचं काय होतं, ही दुसरी. पहिलीवरून कॉन्ट्रास्ट कळतो, दुसरीवरून बारकावे, म्हणजे पिसाचे तंतू दिसतील की नाही ते. प्रत्येकीची एक सलग आणि एक तुटक अशी जोडी असते, दोन वेगळ्या दिशांच्या रेघांसाठी. त्या दोघी हातात हात घालून चालल्या तर उत्तम. कडेला जाताना त्यांची फारकत झाली तर कोपऱ्यात तपशील एका दिशेला ओढल्यासारखे दिसतात.

आमच्यापैकी निम्मे लोक क्रॉप सेन्सरवाले, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचे कॅमेरे वापरणारे. त्यांच्या सेन्सरचा अर्धा कर्ण जेमतेम १४ मिलिमीटर. म्हणजे फुल फ्रेम लेन्सचा आलेख त्यांनी डावीकडून १४ पर्यंतच वाचायचा. त्यापुढे रेषा तोंडावर आपटल्या तरी यांचं काही जात नाही. ‘ग्राफ बघ, कोपऱ्यात मेलीय लेन्स’ असं सांगून एकाने दुसऱ्याचा चांगला सौदा मोडलेला मी पाहिला आहे. दोघांकडेही क्रॉप बॉडी होती!

या आलेखाची खरी मेख वेगळीच आहे. बहुतेक कंपन्यांचा आलेख लेन्सवर मोजलेला नसतो, डिझाइनवरून संगणकाने काढलेला असतो. कारखान्यातून निघालेली एकही काच त्यात नाही. मोजलेले आलेख देण्याची परंपरा झाइसची. पण ते १०, २० आणि ४० जोड्यांवर मोजतात, त्यामुळे त्यांची खालची रेषा दुसऱ्या कंपनीच्या तीसवाल्या रेषेशेजारी ठेवून ‘झाइस कमी पडली’ म्हणणं हा शुद्ध अन्याय. सिग्मा दोन प्रकारचे आलेख देते, एक प्रकाशाचं विवर्तन (लेन्सच्या छिद्राच्या कडेशी प्रकाश पसरतो ते) धरून आणि एक ते सोडून. सोडून काढलेला आलेख नेहमीच जास्त गोंडस दिसणार. तेव्हा एकाच कंपनीच्या दोन लेन्स एकमेकींशी ताडून बघायला हा कागद फार उपयोगी आहे. दोन कंपन्यांमध्ये पंच म्हणून त्याला उभं करू नये.

मोजून दिलेल्या आकड्यांतही छेद लपलेला असतोच. लेन्स-कॅमेऱ्यांच्या चाचण्या करणाऱ्या डीएक्सओमार्कने २०१२मध्ये लेन्सच्या तीक्ष्णतेला ‘पर्सेप्च्युअल मेगापिक्सेल’ असं एककच दिलं. आकडा सुटसुटीत, दुकानात तोंडावर फेकायला सोयीचा. पण तो लेन्स आणि बॉडी या जोडीचा असतो. तीच लेन्स जास्त मेगापिक्सेलच्या बॉडीवर लावली की आकडा वाढतो, लेन्समध्ये तिळभर बदल न होता. इमाटेस्टसारख्या सॉफ्टवेअरने चार्टवरून काढलेल्या आकड्यांचंही तसंच. सेन्सर कुठला, फाइलवर शार्पनिंग किती केलं, यावर ते हलतात. पाच वर्षांपूर्वी एका बॉडीवर मोजलेली जुनी लेन्स आणि काल दुसऱ्या बॉडीवर मोजलेली नवी, यांची तुलना करणारे तक्ते लोक इतक्या भक्तिभावाने फिरवतात की बोलायची सोय नाही.

आता पैशाचं. कोणी लबाड आहे असं मला म्हणायचं नाही. डीपीरिव्ह्यू हे कॅमेरे तपासणारं संकेतस्थळ १९९८मध्ये फिल ॲस्कीने सुरू केलं, २००७मध्ये ते ॲमेझॉनने विकत घेतलं. म्हणजे कॅमेरे विकणाऱ्या दुकानाच्या मालकीचा परीक्षक. तरी तिथल्या मंडळींनी वर्षानुवर्षं काम चोख केलं असं माझं मत आहे. २०२३च्या मार्चमध्ये ते बंद करणार म्हणून जाहीर झालं तेव्हा पाव शतकाच्या चाचण्या एका झटक्यात नाहीशा होतील या भीतीने जगभरचे लोक पानं उतरवून ठेवायला धावले. पुढे जूनमध्ये गिअर पेट्रोलने ते घेतलं आणि तो प्रसंग टळला. पण एवढं सगळं ज्ञान कोणाच्या तरी ताळेबंदातली एक ओळ होती, हे तेव्हा लख्ख दिसलं. एरवी व्हिडिओ करणारे बहुतेक जण तुम्ही त्यांच्या दुव्यावरून खरेदी केली की टक्केवारी मिळवतात. त्यासाठी ते खोटं बोलतातच असं नाही. मात्र जी लेन्स आता नवी मिळत नाही, तिच्यावर कोण कशाला बोलेल? आणि आपल्याकडे सेकंडहँडच्या बाजारात तर नेमक्या त्याच लेन्स असतात. शिवाय त्यांच्याकडे येते ती कंपनीने आठवड्यासाठी दिलेली एक कॉपी. छेद एक.

म्हणून मला या सगळ्या प्रांतात सर्वांत जास्त विश्वास वाटला तो भाड्याने लेन्स देणाऱ्या माणसाचा. अमेरिकेत टेनेसीमध्ये लेन्सरेंटल्स नावाचा व्यवसाय आहे, रॉजर सिकाला त्याचे संस्थापक. मूळचे डॉक्टर. त्यांच्या लिखाणात डॉक्टरी खोडी पुरेपूर उतरली आहे: एका रोग्यावरून निदान सांगायचं नाही. एकाच लेन्सच्या डझनावारी कॉपी त्यांच्या गोदामात, त्यातल्या साधारण दहा काढून ऑप्टिकल बेंचवर, म्हणजे लेन्स मोजायच्या यंत्रावर, चढवायच्या, आणि सरासरी रेषेबरोबर कॉपी-कॉपीतला फरकही पट्टा काढून दाखवायचा. बेंचवर लेन्स अनंताला फोकस केलेली असते, म्हणजे ते ७० सेंटीमीटरचं त्रांगडंही सुटलं. अर्थात जवळून फोटो काढणाऱ्याला या आकड्यांचा उपयोग तेवढाच कमी, हेही तेच सांगतात. त्या पट्ट्यांकडे पाहिलं की बरीच भांडणं आपोआप मिटतात. ‘अ’ लेन्स आणि ‘ब’ लेन्स यांच्यातल्या ज्या फरकावरून लोक मैत्री तोडतात, तो बरेचदा ‘अ’च्याच दोन कॉपींमधल्या फरकाएवढा असतो. प्राइमपेक्षा, म्हणजे झूम न होणाऱ्या लेन्सपेक्षा, झूममध्ये हा फरक जास्त, कारण हलणारे काचांचे गट जास्त. आणि झूमची एखादी कॉपी एका टोकाला झकास आणि दुसऱ्या टोकाला मवाळ निघते, हा अनुभव तर आमच्या कंपूतही सगळ्यांना आहे.

यांच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचं दुसरं कारण साधं आहे. लेन्स बिघडली तर भुर्दंड त्यांना. कुठली लेन्स वारंवार दुरुस्तीला जाते हे त्यांना पोटासाठी माहीत असावं लागतं. तिथे हौस, निष्ठा, ब्रँडचं प्रेम चालत नाही. लेन्स उघडून आत काय आहे तेही ते दाखवायचे: कुठे काचेखाली कागदासारख्या पातळ चकत्या घालून उंची जुळवली आहे, कुठे धातूच्या नळीत प्लास्टिकचे इवलेसे रोलर बसवले आहेत, कुठे स्क्रूऐवजी गोंद. ‘वेदर सील्ड’ म्हणून विकलेल्या लेन्समध्ये रबराची रिंग नेमकी कुठे आहे आणि कुठे नाही, हे उघडल्यावरच कळतं. कंपनी सील्ड म्हणते, वॉरंटीच्या कागदावर मात्र पाण्याने झालेलं नुकसान धरत नाही. आषाढात आंबोलीला कॅमेरा काढणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

तिकडचे लोक बिनदिक्कत सल्ला देतात की तीन कॉपी मागवा, तपासा, चांगली ठेवून दोन परत करा. आपल्याकडे हे करून बघा! ‘एक कोपरा जरा मऊ आहे’ म्हणून लेन्स परत न्यायला गेलात तर काउंटरवरचा मुलगा आधी लेन्सकडे आणि मग तुमच्याकडे सहानुभूतीने बघतो. चालू आहे ना? फोटो येतोय ना? मग? सर्व्हिस सेंटरला टाकली तर पंधरा दिवसांनी ‘स्टँडर्डप्रमाणे ठीक’ असा शेरा घेऊन परत येते. स्टँडर्ड काय आहे ते सांगत नाहीत. म्हणून आपल्याला घ्यायच्या आधीच तपासायला हवं, आणि त्यासाठी भाड्याचं दुकान हा उत्तम मार्ग आहे.

पुण्यात पेठेतल्या एका जिन्याखालच्या दुकानातून मी वर्षानुवर्षं लेन्स नेते. आधारची झेरॉक्स, डिपॉझिट, वहीत सही. मालक लग्नाच्या फोटोग्राफीतून या धंद्यात आलेला, मितभाषी. एका लांब झूमबद्दल मी खोदून खोदून विचारत होते तेव्हा तो म्हणाला, ‘मॅडम, शार्प सगळ्याच असतात. ही परत येते तेव्हा काय होऊन येते ते बघा ना.’ आणि त्याने एकाच मॉडेलच्या दोन लेन्स कपाटातून काढून काउंटरवर खाली तोंड करून धरल्या. एकीची नळी जागच्या जागी राहिली. दुसरीची स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली घसरत पूर्ण बाहेर आली. ‘ही वेडिंगवाले नेतात, ती तुम्ही पक्षीवाले नेता. तुम्ही एकदा लांब केली की तशीच ठेवता.’ एका लेन्सचं वय तिच्या मालकाच्या सवयींवर कसं अवलंबून असतं, हे कुठल्याच आलेखात मला दिसलं नव्हतं. तेव्हापासून सेकंडहँड लेन्स बघताना मी आधी विचारते की वापरणारा काय टिपायचा.

मुंबईत फोर्टात, बोराबाजारच्या आसपास, कॅमेऱ्यांची दुकानं आहेत आणि त्यांच्या माळ्यांवर दुरुस्ती करणारे कारागीर. मी ज्यांच्याकडे जाते त्या काकांचं टेबल दीड हात रुंद असेल. वर हिरवं रबर, काढलेले स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने चिकटपट्टीवर ओळीने लावलेले, आणि जपानी खाचेचे स्क्रू ड्रायव्हर, जे ते दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. साधा फुलीचा वापरला की डोकं झिजतं म्हणतात. टेबलाच्या उजव्या खणात मेलेल्या लेन्स, सुट्या भागांसाठी ठेवलेल्या. पहिल्यांदा तो खण उघडा पाहिला तेव्हा मला वाटलं, हाच खरा रिव्ह्यू! कुठलं मॉडेल जास्त मरतं ते डोळ्यांसमोर. काकांनी माझ्या उत्साहावर पाणी ओतलं. ‘अगं, ही जास्त दिसते कारण ती विकलीच जास्त गेली. प्रत्येकाच्या किटमध्ये आली ना ती. ही दुसरी बघ, एकच आहे. पण हिच्यासारख्या मी आयुष्यात पाहिल्याच तीन.’ छेदाचं महत्त्व इतक्या नेमकेपणाने मला कोणी सांगितलं नव्हतं. कारागिराला बिघाड कसा होतो हे कळतं: स्टॅबिलायझरची (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणाऱ्या भागाची) लवचीक पट्टी कुठे दुमडून तुटते, पडल्यावर कुठला गट आधी सरकतो. किती प्रमाणात होतो, हे त्याला कळायचा मार्ग नसतो. ते भाड्याच्या दुकानाच्या वहीत असतं. दोघांकडे जावं.

स्वतः तपासायची माझी पद्धत अगदी घरगुती आहे. गच्चीवरून लांबच्या इमारतीवरची पाण्याची टाकी दिसते, तिच्यावर कंपनीची अक्षरं आहेत. ऊन तापायच्या आत ट्रायपॉड लावायचा, स्टॅबिलायझर बंद, टायमरवर शटर, ॲपर्चर पूर्ण उघडं. अक्षरं आधी मध्यभागी, मग चारही कोपऱ्यांत एकेक करून, दर वेळी लाइव्ह व्ह्यूमध्ये पुन्हा फोकस करून. चारही कोपरे सारखेच जरासे मऊ असले तर ते डिझाइन आहे, त्यासोबत जगावं. तीन छान आणि चौथा काही केल्या सुधारत नसेल तर आत काहीतरी केंद्रातून हललं आहे. ती कॉपी नको. झूम असेल तर हा खेळ दोन्ही टोकांना आणि मध्ये. घरच्यांना वाटतं समोरच्या इमारतीतल्या कोणावर तरी माझा संशय आहे.

यातलं काहीच करून उपयोग होत नाही अशीही एक जागा आहे आणि ती म्हणजे हवा. भिगवणला कुंभारगावातून पहाटे होडी निघते. उजनीच्या पाण्यावर थंडीत रोहित (फ्लेमिंगो) आणि पट्टकदंब हंस असतात, पहिल्या दीड तासात काढलेल्या फोटोत पिसं मोजता येतात. नऊ-साडेनऊनंतर पाण्यावरची हवा थरथरू लागते. तीच लेन्स, तीच बॉडी, तोच पक्षी, आणि शंभर मीटरवरचा रोहित असा दिसतो की कुठल्याही दुकानात ती लेन्स कोणी फुकट घेणार नाही. लांब लेन्सबद्दलच्या तक्रारींपैकी कितीतरी अशा दुपारच्या फोटोंवरून आलेल्या असाव्यात, असा माझा दाट संशय आहे. होडीवाल्याला हे तोंडपाठ. ‘आता ऊन तापलं मॅडम, फोटू कापरं येत्यात. चला चहा घेऊ.’ पुण्याचे लोक तरी आणखी तासभर काढत राहतात आणि संध्याकाळी लेन्सच्या नावाने खडे फोडतात.

आणि फंगस. पाश्चात्त्य रिव्ह्यूंमध्ये हा शब्द जवळजवळ येतच नाही, आपल्याकडे कोकण, गोवा, मुंबईत लेन्सच्या मरणाचं ते एक मोठं कारण. चार महिने बॅगेत बंद लेन्स, आत दमट हवा, आणि काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू. लवकर लक्षात आलं तर पुसून निघतं. उशीर झाला तर कोटिंग खाल्लेलं असतं आणि डाग कायमचा. सेकंडहँड लेन्स घेताना मागून टॉर्च मारून तिरकं बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ४० ते ५० टक्के आर्द्रता राखणारं ड्राय कॅबिनेट परवडत असेल तर ते, नाहीतर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परतायचं, जुना तवा वेगळा ठेवून. फार कोरडंही करू नये, रबर आणि वंगण बिघडतं.

चिपळूणला राहणारा माझा आतेभाऊ सध्या नवी लेन्स घेण्याच्या बेतात आहे. निकॉनची २०१५ची २००-५०० मिलिमीटरची झूम जुन्या बाजारात घेऊन ॲडॅप्टरवर चालवावी की २०२३मध्ये आलेली १८०-६०० नवी घ्यावी, यावर त्याने इतकी माहिती गोळा केली आहे की तिचं बाड झालं आहे. ‘ताई, आता एक काय ते सांग,’ म्हणाला. मी विचारलं, लेन्स ठेवणार कुठे? ‘कपाटात.’ कपाट कुठल्या भिंतीला? पश्चिमेच्या, जिला दर श्रावणात ओल येते. आता त्याने आधी कॅबिनेट मागवलं आहे, आणि दिवाळीनंतर दोन्ही लेन्स एकाच शनिवार-रविवारी भाड्याने घ्यायचं ठरलंय. पेठेतला मालक दोन्हींचं मिळून डिपॉझिट काही कमी करायला तयार नाही.